कॅमेऱ्यांतून पाहिलेलें विजापूर

विजापूर हें नांव आपल्या घरांतील मुलांच्या कानांवर प्रथम पडतें तें अफझलखानाच्या गोष्टींत. दरबार भरला आहे, मध्यें विडा ठेविला आहे, खान पुढें होऊन तो उचलतो आहे, एवढेंच विजापूर बहुतेक मराठी कुटुंबांस ठाऊक असतें. त्या शहरांत माणसें कोणत्या छपराखालीं बसत, तेथील खिडक्यांतून उजेड कसा येत असे, हें आपणांस कोणी सांगितलें नाहीं आणि आपणही कधीं विचारलें नाहीं. सोलापुराहून सुमारें शंभर किलोमीटरांवर असलेलें हें शहर काशीरामेश्वर करून आलेल्या मंडळींनींही पाहिलेलें नसतें. बदामीस जातांना कोणी वाटेंत थांबलेच, तर गोल घुमटांत एक आरोळी ठोकून पुढें जातात. २०१४ सालापासून त्याचें सरकारी नांव विजयपुर असें झालें आहे. परंतु आमच्या जिभेस जुनेंच नांव वळणी पडलें असल्यामुळें या लेखापुरतें तेंच ठेवतों.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही तेथें चार दिवस राहिलों, ते केवळ छायाचित्रें काढण्याच्या हेतूनें. बरोबर चुलत भावंडें, दोघी वहिनी, मुलें आणि सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाई असा बराच गोतावळा होता. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असतो. त्यामुळें चित्र काढणें ही क्रिया श्वासोच्छ्वासाइतकी सोपी झाली आहे, आणि म्हणूनच पाहणें फार थोडें उरलें आहे, असें आमचें मत आहे. आम्हीं एक नियम केला होता. ज्या इमारतीचें चित्र घ्यावयाचें तिच्यापुढें प्रथम अर्धा तास नुसतें बसावयाचें. मुलांनीं तो नियम पहिल्या दिवशीं पाळला, दुसऱ्या दिवशीं मोडला, आणि तिसऱ्या दिवशीं आपण होऊन पुन्हां पाळूं लागलीं.

विजापूर आणि छायाचित्र यांचा संबंध फार जुना आहे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफीची पहिली संस्था निघाली, आणि पुढल्याच वर्षीं मुंबई सरकारनें तोफखान्यांतील कॅप्टन बिग्ज या अधिकाऱ्यास या प्रांतांतील लेणीं, देवळें व मशिदी यांचीं छायाचित्रें घेण्याच्या कामावर नेमलें. त्याच्या मागून डॉक्टर पिगू यांनीं तेंच काम चालविलें. त्या वेळची कृति आजच्या माणसास कष्टाची वाटेल. घोटीव कागदावर रुप्याच्या क्षारांचा लेप द्यावयाचा, तो कागद कॅमेऱ्यांत बसवावयाचा, भिंगावरील झांकण काढून मिनिटें मोजीत उभें राहावयाचें, आणि मग त्या कागदावर जें उलटें चित्र उमटे, म्हणजे उजेडाच्या जागीं काळें व सावलीच्या जागीं पांढरें, त्यावरून दुसऱ्या कागदावर सुलट चित्र उठवावयाचें. कागदाच्या तंतूंमुळें रेषा किंचित् मऊ येत. दगड पाहावयास गेलें तर जणूं कोळशानें रेखाटल्यासारखा दिसे. जें मिनिटभर स्थिर राहत नसे तें उमटतच नसे. माणूस समोरून चालत गेला तर तो चित्रांतून साफ नाहींसा होई, झाड हाललें तर त्याचा धूर होई, आणि इमारत तेवढी शिल्लक राही. १८६६ सालीं लंडनास निघालेल्या विजापूरच्या वास्तुकलेवरील मोठ्या ग्रंथांत बिग्ज आणि मेजर लॉक यांचीं अशीं छायाचित्रें आहेत; मजकूर मेडोज टेलर व फर्ग्युसन यांचा आहे. पुढें पुराणवस्तु खात्याचे हेन्री कझिन्स यांनीं १९१६ सालीं विजापुरावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यावांचून आजही या शहराचा अभ्यास होत नाहीं.

बिग्जच्या चित्रांतील विजापूर ओसाड दिसतें. पण तो सगळा दोष रेंगाळणाऱ्या कॅमेऱ्याचा नव्हे. १६८६ सालीं औरंगजेबानें आदिलशाही बुडविली तेव्हांपासून शहर ओसरत गेलें होतें. उदगीरच्या लढाईनंतर १७६० सालीं तें पेशव्यांकडे आलें, १८१८ नंतर सातारच्या छत्रपतींकडे, आणि १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे. १८८५ सालीं जिल्ह्याचें ठाणें कलादगीहून येथें आलें, तेव्हां नव्या साहेबांनीं नवीं घरें बांधण्याऐवजीं जुन्या इमारतींतच संसार थाटले. गोल घुमटाशेजारच्या मशिदींत प्रवाशांचा बंगला होता, आणि दुसऱ्या एका मशिदींत टपालकचेरी! विसाव्या शतकाच्या आरंभीं लॉर्ड कर्झननें हीं बिऱ्हाडें हलविलीं. त्या गृहस्थाविषयीं बंगालच्या फाळणीमुळें आपल्या मनांत जी अढी आहे ती असो. हें एक काम त्यानें चांगलें केलें.

आतां प्रत्यक्ष चित्रें घेण्याविषयीं. मशिदीचें छायाचित्र घेणाऱ्यानें एक गोष्ट आधीं समजून घ्यावी. आपल्या देशांतून मक्का पश्चिमेकडे येते. म्हणून नमाज पढणाराचें तोंड पश्चिमेस, मेहराब पश्चिमेच्या भिंतींत, आणि इमारतीचा दर्शनी भाग पूर्वेस, अंगणाकडे. सबब मशिदीचें मुखदर्शन सकाळचें. दुपार कलली कीं सूर्य इमारतीच्या पाठीशीं जातो, आणि मग तिच्या कमानी म्हणजे नुसतीं काळीं भोंकें दिसूं लागतात. हें आम्ही मुलांना समजावीत होतों, तेव्हां आत्याबाई म्हणाल्या, "अरे, मग त्यांत नवल तें काय? आपलें देऊळही पूर्वाभिमुखच असतें, आणि देवापुढें आपण हात जोडतों तेव्हां आपलेंही तोंड पश्चिमेकडेच असतें." ही गोष्ट आमच्यापैकीं एकाच्याही लक्षांत आजवर आली नव्हती.

जामा मशिदींत आम्ही या हिशेबानें सकाळींच गेलों. पहिल्या अली आदिलशहानें ही बांधावयास घेतली आणि ती पुरी कधींच झाली नाहीं. पूर्वेकडील दोन मनोरे अजून व्हावयाचेच आहेत. आंतील दालन नऊ चौकांचें रुंद व पांच चौकांचें खोल. त्या पंचेचाळिसांपैकीं मधले नऊ चौक एकट्या मोठ्या घुमटानें घेतले आहेत. सांगण्यासारखें नक्षीकाम येथें जवळजवळ नाहीं. पांढऱ्या गिलाव्याचे जाड खांब, त्यांवर टोंकदार कमानी, कमानीच्या आंत पुन्हां कमान. हें ऐकून कोणासही वाटेल कीं असें चित्र तें काय निघणार! परंतु अंगणांतील ऊन फरशीवर पडून तेथून आंत उसळतें, आणि तो उसळलेला उजेड खांबाखांबागणिक एकेक छटेनें मंद होत जातो. पहिली कमान ताकासारखी पांढरी, दुसरी दुधावरच्या सायीसारखी, तिसरी राखेसारखी, आणि शेवटची जवळजवळ निळी. डोळा हा फरक चटकन् विसरून जातो, कारण मनाला ठाऊक असतें कीं सगळ्या भिंती पांढऱ्याच आहेत. कॅमेऱ्याला असें कांहीं ठाऊक नसतें. तो जें आहे तेंच लिहून घेतो. आमच्या मतें छायाचित्राचा खरा उपयोग हाच. आपण इमारत ओळखतों, कॅमेरा उजेड ओळखतो.

पश्चिमेच्या भिंतींतील मेहराब मात्र अगदीं निराळी. महंमद आदिलशहाच्या कारकीर्दींत १६३६ च्या सुमारास ती सोन्यानें व रंगांनीं मढविली गेली. तींत कोनाडे रंगविले आहेत, कोनाड्यांत पुस्तकें, फुलदाण्या व धूपपात्रें रंगविलीं आहेत. एवढ्या शुभ्र व निरलंकार दालनांत हा एकच जरीचा पदर. तो भरजरी असूनही डोळ्यांवर येत नाहीं, कारण तेथपर्यंत उजेड पोंचतांना पुष्कळ थकलेला असतो. फरशीवर प्रत्येक नमाज्याची जागा आंखून काढलेली आहे. अशा जागा सव्वादोन हजारांच्या घरांत आहेत, आणि ही आंखणी औरंगजेबाची असें सांगतात. आम्ही तिपाई उभी करीत होतों तों मशिदीच्या व्यवस्थेंतील एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि दखनींत म्हणाले, "जरा ठैरो, नमाज होने दो." आम्ही कॅमेरा गुंडाळून एका खांबाशीं बसलों. मशीद ही प्रेक्षणीय इमारत असली तरी ती आधीं लोकांची पूजेची जागा आहे. आपल्या गाभाऱ्यांत आरतीच्या वेळीं कोणी परका भिंग रोखून उभा राहिला तर आपणांस कसें वाटेल, एवढा विचार पुरे आहे. नमाज आटोपल्यावर त्याच गृहस्थांनीं आपण होऊन आम्हांस कोणत्या खांबाआडून चित्र चांगलें येतें तें दाखविलें, आणि तें खरोखरच चांगलें आलें.

गोल घुमटाविषयीं आमचें मत थोडें निराळें आहे, आणि तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तो सुंदर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तो प्रचंड आहे. महंमद आदिलशहाचें (१६२७ ते १६५६) हें थडगें. आंतील दालन चारी बाजूंनीं १३५ फूट, जमिनीचें क्षेत्रफळ १८,००० चौरस फुटांवर, मध्यें एकही खांब नाहीं. एकमेकींस छेदणाऱ्या आठ कमानींनीं घुमटाचें ओझें भिंतींवर टाकलें आहे. घुमटाचा आंतला व्यास सुमारें १२४ फूट. रोमचें सुप्रसिद्ध पँथिऑन देऊळ क्षेत्रफळाच्या हिशेबानें याहून लहान आहे. आतां इतकें सगळें तीन इंच रुंदीच्या पडद्यावर मावविलें कीं काय होतें? चार कोपऱ्यांना चार कलमदानें आणि मधोमध एक पालथी हंडी! प्रवासी मंडळींचीं शेंकडा नव्वद चित्रें अशींच असतात. त्यांत भर म्हणजे, समोर दक्षिणेस नगारखाना आहे. त्यांत १८९२ पासून वस्तुसंग्रहालय आहे, आणि त्यानें समोरून घुमटाचा पाय झांकला जातो. मान वर करून कॅमेरा तिरपा धरला तर कोपऱ्यांवरील सातमजली मनोरे मागें पडल्यासारखे दिसतात. जुन्या लांकडी कॅमेऱ्यांत भिंग बसविलेली फळी वर सरकवितां येई, त्यामुळें कॅमेरा सरळ राहूनही उंची पकडतां येत असे. आतां ती सोय बहुतेकांजवळ नाहीं. उपाय एवढाच कीं दूर जावें. दुपारीं तीननंतर पश्चिमेकडील मशिदीच्या बाजूनें पाहावें. त्या वेळीं ऊन तिरपें येतें आणि छज्जाची रुंद सावली भिंतीवर पडून ती भिंत किती जाड आहे हें प्रथमच कळतें. आणि पायथ्याशीं कोणी तरी माणूस उभा करावा. आमचा दहा वर्षांचा पुतण्या कमानीखालीं उभा आहे असें एक चित्र आहे. त्यांत तो एखाद्या तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो, आणि त्या एका दाण्यानें सबंध इमारतीचें माप सांगितलें आहे.

घुमटाच्या मुळाशीं कमळाच्या पाकळ्यांचें कडें आहे. तें खालून दिसत नाहीं, गच्चीवर गेल्यावर दिसतें. फुलांतून फळ वर यावें तसा घुमट त्या पाकळ्यांतून वर येतो. विजापूरच्या लहानमोठ्या साऱ्याच घुमटांची ही खूण आहे. आंतल्या सज्जांत, जमिनीपासून सुमारें ११० फुटांवर, कुजबुजलेला शब्द पलीकडच्या माणसाला ऐकूं येतो आणि टाळी अनेक वेळां परत येते. हा या इमारतीचा प्राण, आणि तो मात्र कोणत्याही चित्रांत येत नाहीं. सूर्योदयाच्या सुमारास जावें. मागाहून शाळांच्या सहली येतात आणि मग प्रतिध्वनीला बिचाऱ्याला कोणाकोणास उत्तर द्यावें तेंच समजेनासें होतें.

इब्राहिम रोजा शहराच्या पश्चिमेस, तटाबाहेर आहे. आम्ही चारांपैकीं दोन दिवस येथेंच घालविले. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची (१५८० ते १६२७) आणि त्याची बेगम ताज सुलताना हिची कबर असलेली ही वास्तु १६२६ च्या सुमारास पुरी झाली. काम मलिक संदल याच्या हातचें. एका उंच जोत्यावर पूर्वेस कबर, पश्चिमेस मशीद, दोहोंच्या मध्यें हौद. दोन्ही इमारती समोरासमोर तोंड करून उभ्या असल्यामुळें सकाळीं मशीद उजळते आणि तिसऱ्या प्रहरीं कबर. चित्र घेणारास याहून अधिक सोयीची मांडणी क्वचितच आढळेल.

हा इब्राहिम मोठा विलक्षण पुरुष. गाण्याचें त्याला वेड होतें, दखनींत त्यानें पदें रचलीं, आणि त्याच्या किताब-इ-नौरस या ग्रंथांत सरस्वती व गणपति यांचें स्तवन आहे. लोक त्याला जगद्गुरु म्हणत. त्याच्या कबरीच्या भिंती बाहेरून अक्षरांनीं भरलेल्या आहेत, आणि खिडक्यांच्या जाळ्यासुद्धां वेलबुट्टीच्या नव्हेत, अरबी अक्षरांच्या. अक्षर तेवढें दगडाचें ठेवून मधली जागा पोखरून काढली आहे. आंत उभें राहिलें म्हणजे अंधाराच्या भिंतींत उजेडाच्या फटी दिसतात, आणि त्या फटींनीं वेढलेला मजकूर काळा दिसतो. येथें कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते. उजेडाचें माप घ्यावें तर भिंत शाईसारखी काळी. भिंतीचें माप घ्यावें तर अक्षरें उजेडांत वितळून जातात. आम्हीं ढग येण्याची वाट पाहिली. अकराच्या सुमारास एक पातळ ढग सूर्यावरून गेला आणि तेवढ्या मिनिटांत भिंत व अक्षर दोन्ही एकमेकांशीं समेटानें वागलीं.

आमच्यापैकीं कोणाला अरबी वाचतां येत नाहीं. तरी तें अक्षर पाहत बसावेंसें वाटत होतें. घरच्या दप्तरांतील मोडी कागद मुलांना वाचतां येत नाहींत, तरी पणजोबांच्या बोरूचें वळण पाहून तीं थबकतात, तसेंच हें. आणि मोडीची आठवण येथें अगदींच परकी नाहीं. याच घराण्यांतील पहिल्या इब्राहिमानें (१५३४ ते १५५८) वसुलाचे हिशेब फारसींतून काढून देशी भाषेंत, ब्राह्मण कारकुनांच्या हातीं दिले होते. शहाजीराजांची चाकरी याच दरबारीं झाली. शेरझी बुरुजावरची मलिक-इ-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ सालीं अहमदनगरास ओतलेली. ती परांड्याहून १६३२ सालीं येथें आणली. विजापूर हें आपल्या इतिहासांतील केवळ शत्रूचें गांव नव्हतें; पुष्कळांच्या अन्नाचें व कर्तृत्वाचेंही तें गांव होतें.

तथापि हें सर्व घरांत सर्वांस पटलें असें नाहीं. परतल्यावर जामा मशिदीच्या कमानींचें एक चित्र मोठें करून दिवाणखान्यांत लावावें असें धाकट्या वहिनींनीं सुचविलें, तेव्हां थोरल्या काकांनीं साफ नकार दिला. ते म्हणाले, "तालिकोटच्या लुटीवर उभी राहिलेली इमारत आपल्या भिंतीवर कशाला?" काकांचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नव्हतें. १५६५ सालीं दक्षिणेंतील सुलतानांनीं मिळून रामरायाचा पराभव केला, विजयनगरसारखें नगर धुळीस मिळालें, आणि त्याच विजयानंतर विजापुरांत अलीनें मोठमोठीं कामें काढलीं. हंपीचे भग्न मंडप ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना या पांढऱ्या कमानी निर्मळ मनानें पाहणें कठीण जातें. वहिनींचें उत्तर असें कीं मग राजेरजवाड्यांचे किती वाडे, किती किल्ले आपण पाहावयाचे उरतील? आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या, शेवटीं म्हणाल्या, "दगड घडविणारांचे हात कोणाचे होते, तें आधीं विचारा." त्या कमळाच्या पाकळ्या त्यांच्या मनांतून गेल्या नव्हत्या.

आमचा स्वतःचा कौल असा पडला कीं चित्र लावावें, पण अर्धवट सांगून लावूं नये. चौकटीच्या मागील बाजूस पेन्सिलीनें लिहून ठेविलें आहे: जामा मशीद, विजापूर; पहिला अली आदिलशहा; तालिकोट १५६५; मनोरे अपुरे; सकाळीं साडेआठ. मुलें मोठीं होऊन चौकट उतरवितील तेव्हां त्यांना दोन्ही बाजू वाचावयास मिळतील. काका त्या भिंतीकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचतात, परंतु पाहुणे आले कीं त्यांना मेहराबीचा इतिहास तेच सांगतात.

मेहतर महालाविषयीं थोडक्यांत. नांव महालाचें असलें तरी हा एका लहान मशिदीचा दरवाजा आहे, आणि त्याच्या सज्जाखालच्या दगडी तिरकस पट्ट्या सुतारानें लांकडांत कोराव्या तितक्या नाजूक आहेत. रस्ता अरुंद, समोर रहदारी. पूर्वीं छायाचित्रकारांना माणूस हलूं नये याची चिंता असे. आतां आम्हांला रिक्षा पुढून जावी याची. तारा व दुकानांच्या पाट्या टाळून चित्र घेण्याचा पुष्कळांना सोस असतो. आम्हांला तो मान्य नाहीं. महालाखालीं केळीवाल्याची हातगाडी उभी होती, ती चित्रांत ठेविली आहे.

शेवटच्या संध्याकाळीं बारा कमानीकडे गेलों. दुसरा अली आदिलशहा १६७२ सालीं वारला, तेव्हां त्याचें थडगें बांधून व्हावयाचें होतें. तें तसेंच राहिलें, आणि चौदा वर्षांनीं राज्यच गेलें. एका प्रशस्त चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या उंच कमानी रांगांनीं उभ्या आहेत. वर छप्पर नाहीं, गिलावा नाहीं, कांहीं नाहीं. दिवसा त्यांचें चित्र कोरडें येतें. सूर्य खालीं गेल्यावर मात्र दगड एकजात काळा होतो आणि प्रत्येक कमानींत आकाशाचा वेगळा तुकडा अडकून राहतो. पश्चिमेकडच्यांत केशरी, पूर्वेकडच्यांत जांभळा, मधल्यांत दोहोंच्या दरम्यानचा, ज्याला मराठींत नांव नाहीं. हिरवळीवर गांवांतील कुटुंबें बसलेलीं होतीं, मुलें खांबांभोंवतीं शिवाशिवी खेळत होतीं. आम्हीं तिपाईवर कॅमेरा ठेवून आठ सेकंद झांकण उघडें ठेविलें. धांवणारीं मुलें त्या चित्रांत उमटलीं नाहींत; चौथऱ्याच्या पायरीवर माळ ओढीत बसलेल्या आत्याबाई तेवढ्या स्पष्ट आल्या आहेत. इतक्यांत पहारेकऱ्यानें शिट्टी वाजविली आणि फाटक लावावयास सुरुवात केली.